स्वीडनमध्ये पैसे असून उपाशी कसे राहावे

दापोडी-चिंचवडच्या स्वीडिश कारखान्यांतून ऑनसाइटला निघालेले असा, नाहीतर आठ दिवसांत चार देश उरकणारे असा, स्वीडनची तयारी नोटांच्या जाड गड्डीपासून करा. परदेशात हातात रोकड असलेली बरी. कॅफेच्या दारावर 'कोंटांटफ्रिट' लिहिलेले असेल. त्याचा अर्थ 'रोख घेत नाही', पण ते कॉफीच्या एखाद्या प्रकाराचे नाव समजून आत जा आणि पाचशेची नोट पुढे करा. कोणी नातेवाइकाने फार पूर्वी आणलेल्या नोटा असतील तर आणखी उत्तम. 2015 ते 2017 या काळात तिथे सगळ्या नोटा बदलल्या आणि जुन्या दुकानात चालत नाहीत. नोटबंदीचा सराव आपल्याला आहेच.

कार्ड नेलेच, तर बँकेच्या अ‍ॅपमधला आंतरराष्ट्रीय व्यवहारांचा खटका बंदच राहू द्या, आणि पिन पाठ करू नका. 400 क्रोनांच्या (क्रोना हे तिथले चलन) वर मशीन पिन मागते, तेव्हा घरी फोन लावायला निमित्त मिळते. शेजारचा गिऱ्हाईक फोनवरून 'स्विश' करताना दिसेल. हे तर आपले यूपीआय, असे म्हणून तेही डाउनलोड करा. त्याला स्वीडिश बँकेतले खाते आणि तिथला नागरिक क्रमांक लागतो, एवढी बारीकशी अडचण आहे.

दारूची आठवण शनिवारी संध्याकाळी आली पाहिजे, त्याआधी नको. साडेतीन टक्क्यांहून कडक असलेली बाटली घरी न्यायची तर बहुतेक वेळा सरकारी दुकान एकच, सिस्टेमबोलागेट. बहुतेक शाखा शनिवारी दुपारी तीनला बंद होतात, रविवारी उघडत नाहीत, सणावाराला तर नाहीच नाही. जूनमधल्या मिडसमर या सणाच्या आदल्या दिवशीही कुलूप असते. त्याआधी दुकानाबाहेर लागलेल्या रांगा पाहून 'हे लोक एवढे का घाबरले?' म्हणत पुढे निघून जा. समजा वेळेत पोचलात, तर थंडगार बिअर मागा. तिथे ती फडताळावर, खोलीच्या तापमानाला असते, आणि सहा घेतल्या म्हणून एक रुपयाही सुटत नाही. सरकारला तुम्हाला जास्त पाजायचीच नाही. वय वीस लागते, म्हणून बावीस वर्षांच्या भाच्याला पासपोर्ट हॉटेलवर ठेवून पाठवा. गंमत अशी की हाच भाचा अठराव्या वर्षीही बारमध्ये बसून पिऊ शकला असता. बाकी किराणा दुकानात बिअर मिळते, पण साडेतीन टक्क्यांपर्यंतचीच. ती पिऊन 'चढत कशी नाही?' असा संशोधकी प्रश्न विचारत बसा.

आता चहा. दूध घ्यायला जाल तेव्हा लिटरचा पुठ्ठ्याचा डबा उचला आणि वरचे नाव वाचू नका. बहुतेक ठिकाणी लाल म्हणजे 3 टक्के स्निग्धांशाचे दूध आणि हिरवे म्हणजे दीड टक्क्याचे, हे कळले तर चहा नीट होईल. शेजारीच तशाच आकाराच्या डब्यात 'फिलम्योल्क' उभे असते. ते विरजलेले, पातळ दह्यासारखे. ते उकळत्या चहात ओतले की पातेल्यात पनीर आणि पाणी वेगळे होतात, आणि स्वीडिश दुधात भेसळ असल्याचा शोध तुम्हाला लागतो. खरे तर त्यात मीठ, जिरे घातले की बरे ताक होते, पण इतक्या लांब जाऊन ताक कोण पिणार?

शाकाहाऱ्यांनी दुकानातल्या सुट्या गोड गोळ्यांच्या भिंतीसमोर निर्धास्त उभे राहावे. गोळ्याच त्या, त्यात काय असणार? बऱ्याचशा रबरी गोळ्यांत जिलेटिन असते, एवढेच. पाटीवरचा भाव किलोचा समजून फावड्याने पिशवी भरा. तो भाव हेक्टोचा, म्हणजे 100 ग्रॅमचा असतो. त्यातली काळी, चौकोनी, पांढरट भुकटी लावलेली गोळी मुलांना आधी द्या. खारट लिकोरिस, म्हणजे ज्येष्ठमधाची गोळी ती, आणि ती भुकटी म्हणजे बहुधा अमोनियम क्लोराइड. आपल्याकडे त्याला नवसागर म्हणतात. कल्हईवाला भांडे तापवून त्यात टाकायचा आणि धूर निघायचा, तोच. स्वीडिश पोरे तो चघळतात आणि आणखी मागतात.

मीटबॉल्सबद्दल विचारू नका. सहसा गोमांस आणि डुकराचे मांस मिसळून करतात, हे जेवण झाल्यावर कळले तर लिंगनबेरीचा मुरंबा अधिक गोड लागतो. निळ्या ट्यूबवरचा हसरा मुलगा पाहून ती टूथपेस्ट समजून घ्या. आत माशांच्या अंड्यांची पेस्ट असते.

जेवण नेहमी रात्रीच घ्या. कामाच्या दिवशी साधारण अकरा ते दोन या वेळात हॉटेलांत 'दागेन्स लुंश' असते. एका भावात गरम पदार्थ, सॅलड, ब्रेड आणि बहुधा शेवटची कॉफीही. म्हणून तेव्हा खोलीवर बसून दशम्या खा. रात्री त्याच खुर्चीत बसून कितीतरी जास्त पैसे मोजा आणि वर बाटलीतले पाणी मागवा. नळाचे पाणी उत्तम आणि सहसा फुकट, पण फुकटाची किंमत कोणाला! चीजच्या काउंटरवर रांग दिसली नाही तर थेट पुढे घुसा. सगळे हातात नंबराची चिठ्ठी घेऊन कोपऱ्यात उभे असतात, म्हणून रांग दिसत नाही. ते काही बोलणार नाहीत. फक्त बघतील.

शेवटी स्वीडनची आठवण म्हणून आणायचा तो लाल लाकडी घोडा. नूसनेस गावात हाताने रंगवलेला मिळतो, पण तुम्ही स्टॉकहोमच्या जुन्या शहरातल्या पर्यटक गल्लीत पहिल्याच दुकानात घ्या. 200 क्रोनांपुढे खरेदी गेली तर कर परत मिळण्याचा फॉर्म मागता येतो. तो भरा, पासपोर्ट दाखवा, आणि विमानतळावर आधी बॅग चेक-इन करा, नंतर कस्टमच्या खिडकीशी जा. फ्रँकफर्टहून पुढे मुंबईला जाणार असाल, तर शिक्का युरोपीय संघातल्या शेवटच्या विमानतळावर, म्हणजे फ्रँकफर्टला लागतो आणि अधिकारी माल बघायला मागू शकतो. घोडा तोवर पट्ट्यावरून कधीच पुढे निघून गेलेला असतो.