कोल्ड्रिंक बंद करा हो, पण पिशवीत काय घालताय तेही बघा

अमेरिकेत गरिबांना सरकार दर महिन्याला कार्डावर पैसे भरून देतं, त्यातून फक्त खाण्यापिण्याचं सामान घ्यायचं, स्नॅप म्हणतात त्या योजनेला, चार कोटींच्या आसपास लोक आहेत त्यात. आता 1 जानेवारी 2026 पासून नेब्रास्का, आयोवा, इंडियाना, युटा, वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांत त्या कार्डावर कोल्ड्रिंक मिळायचं बंद झालंय. तर आमच्या वाडीच्या ग्रुपवर लगेच सुरू, "बरोबरच केलं, फुकटचं खायचं आणि वर चैन". बोलणारे कोण, तर गणपतीत ज्यांच्या पडवीत बाटल्यांचे क्रेट उतरतात ते!

मला कोल्ड्रिंकचा पुळका नाहीये, साखरेचं पाणीच ते. पण त्याच कार्डावर दुकानातली गरम भाजलेली कोंबडी घेता येत नाही आणि थंडगार बाटली मात्र इतकी वर्षं चालत होती, हे नियम करणारा माणूस दिवसभर राबून घरी येऊन कधी जेवण करायला उभा राहिला नसणार. तिकडेच मॅसॅच्युसेट्समध्ये 2011-12 ला उलटं करून बघितलं, फळं-भाजी घेतली की डॉलरमागे 30 सेंट कार्डावर परत, तर लोकांचं फळं-भाजी खाणं सुमारे 26 टक्क्यांनी वाढलं, कशावर बंदीबिंदी न घालता.

आता आपलं बघा. प्राधान्य गटाच्या रेशनकार्डावर माणशी 5 किलो धान्य, फुकट आहे, मान्य. पण नुसता तांदूळ-गहू. परवा रांगेत एक आजी अंगठा उठेना म्हणून वैतागलेली, दुकानदाराला म्हणाली, "तांदूळ दिलंस, आता कालवणाक काय ही मशीन घालू?" सगळे हसले पण खरंच काय घालायचं? आणि सरकारने 100 रुपयांत आनंदाचा शिधा काढला 2022 च्या दिवाळीला, त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल, पुढच्या वर्षी मैदा पण आला. सणाला गोडधोड हवंच, माझं काही म्हणणं नाही, पण साखर-मैदा स्वतः वाटायचा आणि गरीब वाईट खातात म्हणून बोंब मारायची हे कसं काय?

शाळेतलं अंडं तर विचारूच नका. 2023 च्या शेवटी आठवड्याला एक सुरू केलं आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचे पैसे बंद, द्यायचंच तर लोकसहभागातून द्या म्हणे. अरे वाडीतले लोक वर्गणी काढून देऊळ बांधतील, अंडी कोण देणार!

पोरगं पाच रुपयांची चिप्सची पुडी घेतं कारण पाच रुपयांत दुसरं काही येतच नाही. नाचणी, कुळीथ आमच्याच वरकस जमिनीतले, पण दुकानात घ्यायला गेलं की गरिबाचा हात मागे. ते आणा ना रेशनवर. निदान 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, खलाशाच्या घरात पैसा नाही आणि मासळीही नाही, तेवढे दोन महिने तरी कार्डावर कुळीथ आणि अंडी द्या, मग बाटलीचं काय करायचं ते बोलू.