रिकामी लिफ्ट आणि माणसाची लिफ्ट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि चांगलीच तिखट आहे. दोन ओळींत उरकण्यासारखी ती नाही, म्हणून सविस्तर लिहितो. बंद धातूच्या जागेत मोबाइलच्या लहरी कशा वागतात आणि त्यातल्या किती शरीरात मुरतात, हे कॉम्प्युटरवर कसं काढतात ते मी लेखात सांगितलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे : पत्र्याच्या डब्यातून लहरींना बाहेर पडता येत नाही, तेव्हा त्या साठतच जाणार, माणूस म्हणजे 'खारट पाण्याची पिशवी' नव्हे, लहरी कुठे किती तीव्र हे दाखवणारी कॉम्प्युटरची रंगीत चित्रं कुणीही कशीही काढू शकतो, आणि शेवटी, 'ज्याचा पैसा त्याचं सिम्युलेशन'.

शेवटच्या दोन मुद्द्यांशी मी बऱ्यापैकी सहमत आहे. पहिल्याशी अजिबात नाही. तिथूनच सुरुवात करतो, कारण तो आकडेमोडीने निकालात काढता येतो आणि त्यासाठी कॉम्प्युटरही लागत नाही.

दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद, २.२ मीटर उंच अशी स्टेनलेस स्टीलची लिफ्ट घ्या. आत एक फोन ०.२ वॅटने प्रक्षेपण करतोय. फोर-जी फोनची नेहमीची कमाल मर्यादा तेवढीच असते. लहरी साठतात हे खरं, पण कुठवर? तळाला भोक असलेल्या बादलीत नळ सोडला तर पाणी चढतं, आणि जितकं येतं तितकंच खालून जायला लागलं की चढायचं थांबतं. तेव्हा सगळा खेळ भोक केवढं आहे यावर.

पत्र्याचं भोक फारच बारीक असतं. मोबाइलची २ गिगाहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला दोन अब्ज कंपनांची, लहर अशा स्टीलमध्ये जेमतेम १० मायक्रोमीटर खोल शिरते आणि जवळजवळ सगळी परत फिरते. लिफ्टच्या सहा बाजू मिळून पत्रा पावणेअठरा चौरस मीटर, पण त्याचं एकूण शोषण काढलं तर ते आलेलं सगळं गिळणाऱ्या अवघ्या ५० चौरस सेंटिमीटरच्या तुकड्याएवढं भरतं. दाराच्या फटी आणि पंख्याची जाळी यांतून आणखी निसटतं. ते मुद्दाम सोडून देतो, म्हणजे तुमची बाजू जितकी भक्कम होईल तितकी होऊ दे. आता भागाकार करा : ०.२ वॅट भागिले ०.००५ चौरस मीटर. तीव्रता आली चौरस मीटरला ४० वॅट. आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाने सर्वसामान्य लोकांसाठी ठरवलेली संदर्भ पातळी या वारंवारतेला १० वॅट आहे. म्हणजे चौपट झाली. तुमचंच खरं ठरलं की!

फक्त त्या लिफ्टमध्ये कुणीच नाही. कुणाचा तरी फोन आत राहिलाय एवढंच.

आता एक माणूस आत आणू. प्रौढ माणसाच्या त्वचेचं क्षेत्रफळ सुमारे १.८ चौरस मीटर. लहरी सगळ्या दिशांनी येत असतील तर त्यांना सरासरीने याचा चौथा हिस्सा समोर दिसतो, म्हणजे ०.४५. त्यातली निम्म्याहून अधिक ऊर्जा शरीराच्या पृष्ठभागावरूनच उलटते, कारण हवा आणि पाणीदार ऊती यांच्या विद्युत गुणधर्मांत फार मोठी तफावत असते. उरलं साधारण ०.२ चौरस मीटर, म्हणजे २,००० चौरस सेंटिमीटर. अख्ख्या लिफ्टच्या पत्र्याचं शोषण ५०, एकट्या माणसाचं २,०००. माणूस आत शिरला आणि ४० वॅटची तीव्रता एका वॅटच्या खाली आली.

पाच माणसं पाच फोन घेऊन आली तर? शक्ती पाचपट, शोषणही पाचपट. तीव्रता जिथल्या तिथे. एकच माणूस आणि पाच फोन, असा वाकडा प्रसंग घेतला तरी ती पाच वॅटच्या आसपास राहते. आणि ऊर्जेचा हिशेब तर त्याहून सरळ आहे. भिंतींनी कितीही वेळा परत पाठवली तरी फोनमधून निघाली त्यापेक्षा जास्त ऊर्जा शरीरात जाऊच शकत नाही. पाच फोनांचा मिळून एक वॅट, तो सगळाच्या सगळा २० किलोच्या एका मुलाने शोषला असं धरलं तरी किलोला ०.०५ वॅट होतात. संपूर्ण शरीराच्या सरासरीची मर्यादा ०.०८ आहे, आणि ती शरीराचं तापमान सुमारे एक अंशाने वाढवणाऱ्या ४ वॅट प्रति किलो या पातळीच्या पन्नासाव्या हिश्श्यावर ठेवलेली आहे.

'तासन्‌तास साठत जाणार' हेही असंच. माणूस आत असताना ही लिफ्ट 'भरायला' साधारण ८० नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) लागतात. रिकामी असेल तर ३ मायक्रोसेकंदांच्या थोडं वर. त्यानंतर तास गेला काय नि दिवस गेला काय, पातळी तीच.

तुमच्यासारखीच शंका घेणारे तुम्ही पहिले नाही, आणि आधीचे काही लेचेपेचे नव्हते. जपानमधल्या तोहोकू विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ त्सुयोशी होंदो यांनी २००२ साली रेल्वेच्या डब्याचा असाच हिशेब मांडला आणि बऱ्याच प्रवाशांचे फोन एकदम चालू असतील तर परावर्तनामुळे संदर्भ पातळी ओलांडली जाऊ शकते असं म्हटलं. बातम्या झाल्या, गदारोळ झाला. पुढे इतरांनी तपासलं तेव्हा बोट ठेवलं गेलं ते नेमकं इथेच : प्रवासी हेच डब्यातले सगळ्यात मोठे शोषक, त्यांना पुरेसं मोजलं पाहिजे. माझ्या मते होंदोंचा प्रश्न चांगलाच होता. बंद जागेत परावर्तन विसरून चालत नाही हे त्यांचं म्हणणं आजही पटतं. पण माणसाला पोकळीत ठेवलेली वस्तू समजलं की गणित फसतं. विजेच्या दृष्टीने तो त्या पोकळीचाच भाग असतो, आणि पत्र्यापेक्षा मोठा भाग असतो.

आता चित्रांकडे वळतो. इथे तुमचा संशय रास्त आहे, पण तुम्ही तो भलत्या जागी धरलाय.

ही चित्रं ज्या पद्धतीने काढतात, ती गणितज्ञ केन यी यांनी १९६६ साली मांडली. जागेचे बारीक ठोकळे पाडायचे, विद्युत क्षेत्र ठोकळ्यांच्या कडांवर आणि चुंबकीय क्षेत्र पृष्ठांच्या मध्यावर ठेवायचं, आणि दोघांना आळीपाळीने पुढे ढकलत राहायचं. शरीरासाठी तिचा वापर हे काही अलीकडचं खूळ नाही; १९७५ सालीच सूक्ष्मलहरींनी मानवी डोळा किती तापतो हे तिने काढून झालं होतं. अडचण आहे आकाराची. स्नायूमध्ये २ गिगाहर्ट्झच्या लहरीची तरंगलांबी १५ सेंटिमीटरवरून २ सेंटिमीटरवर येते, आणि एका तरंगलांबीत निदान दहा ठोकळे हवेत, म्हणजे २ मिलिमीटरचा ठोकळा. त्वचा तर त्याहूनही पातळ. तिच्यासाठी १ मिलिमीटरवर उतरलात की या एवढ्याशा लिफ्टचे पाच अब्ज ठोकळे होतात आणि नुसती क्षेत्रं साठवायलाच १२० गिगाबाइट मेमरी लागते. वर अट अशी की वेळेचं पाऊल, म्हणजे क्षेत्रं एका वेळी जितकी पुढे ढकलायची तो काळ, दोन पिकोसेकंदांपेक्षा (सेकंदाच्या दोन लाख-कोट्यंशांपेक्षा... म्हणजे नॅनोसेकंदाच्या दोन हजारांशांपेक्षा) लहान हवा. मोठं घेतलं की आकडे फुटून अनंताकडे पळतात. ते चित्र एकदा पाहाच : पडदाभर लालभडक, आणि त्याला काहीही अर्थ नसतो.

गंमत अशी, की माणूस असलेल्या लिफ्टपेक्षा रिकामी लिफ्ट सोडवणं जास्त जिकिरीचं. माणूस असेल तर काही लाख पावलांत क्षेत्र स्थिरावतं, रिकामीत ती कोटीच्या घरात जातात. शिवाय या मापाच्या डब्यात २ गिगाहर्ट्झच्या खाली १२ हजारांहून अधिक अनुनाद, म्हणजे लहर डब्यात नेमकी बसून घुमते अशा वारंवारता, बसतात. रिकाम्या डब्यात प्रत्येक अनुनाद सुईसारखा टोकदार असतो. भिंत सेंटिमीटरभर इकडेतिकडे झाली की लाल ठिपके दुसरीकडेच उमटतात. म्हणून बंद जागेच्या चित्रात 'इथे बघा, अगदी इथे धोका' असा बाण कुणी दाखवला तर मीही त्यावर विश्वास ठेवत नाही. एकूण शोषण आणि सरासरी हे आकडे मात्र टिकतात, कारण ते अशा बारीकसारीक हालचालींनी फारसे हलत नाहीत. चित्र रंगीत आहे म्हणून खोटं नसतं. त्यातला कुठला आकडा डळमळीत आहे हे लिहिलेलं नसेल तर ते कुचकामी असतं.

'खारट पाण्याची पिशवी' हा टोमणा मला आवडला, कारण फोनच्या चाचणीत वापरतात तो पुतळा जवळपास तसाच असतो : प्लास्टिकचं कवच, आत द्रव, आणि त्यात यंत्राच्या हाताने फिरणारं शोधकाचं टोक. ती चाचणी मुद्दाम ढोबळ ठेवलीय, म्हणजे कुठल्याही प्रयोगशाळेत तीच पुन्हा करता यावी. पण संगणकातली शरीरं आता फार पुढे गेलीत. झुरिकच्या आयटीआयएस फाउंडेशनने जिवंत माणसांच्या एमआरआयवरून बेतलेलं कुटुंब आहे, त्यात ३४ वर्षांचा ड्यूक आणि २६ वर्षांची एला यांच्याबरोबर ११ वर्षांची बिली आणि ६ वर्षांचा थेलोनियसही आहे. प्रत्येकाच्या अंगात डझनावारी ऊती वेगवेगळ्या ओळखलेल्या.

दुखरी जागा वेगळीच आहे. त्या प्रत्येक ऊतीला जे विद्युत गुणधर्म चिकटवतात, ते बहुतेक ठिकाणी १९९६ सालच्या गॅब्रियल आणि सहकारी संशोधकांच्या मोजमापांवरून येतात, आणि ती मोजमापं बरीचशी प्राण्यांच्या किंवा शवविच्छेदनातून मिळालेल्या ऊतींवर झालेली आहेत. जिवंत, रक्त खेळणारी ऊती तंतोतंत तशीच वागेल असं नाही. टोमणा मारायचाच असेल तर इथे मारा; लागेल.

तरीही हे सगळं हवेतले बुरूज नाहीत, कारण शरीराच्या आत डोकावून पडताळणी करता येते अशी एक जागा आहे : एमआरआयचा बोगदा. तिथेही धातूच्या आवरणात माणूस, आणि ३ टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या यंत्रात १२८ मेगाहर्ट्झच्या लहरी. शरीरात त्यांची लांबी सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे पोटाच्या रुंदीएवढी होते, त्यामुळे पोटाच्या प्रतिमेत काही भाग काळवंडतो. हा काळा डाग गणितात दिसतो आणि खऱ्या रुग्णाच्या प्रतिमेतही दिसतो. रंगवून आणलेल्या चित्राला हे जमत नाही.

पैशाचं म्हणाल तर माझं साधं धोरण आहे. अहवालात ठोकळ्याचा आकार, ऊतींचे गुणधर्म कुठून घेतले ते आणि प्रत्यक्ष मोजमापाशी तुलना, या तीन गोष्टी नसतील तर पैसा कुणाचाही असो, मी तो अहवाल बाजूला ठेवतो.

आणि तुमचा अखेरचा प्रश्न, 'मग लिफ्टमध्ये फोनवर बोलू की नको?' बोला. पण कानाला लावून बोलत असाल तर भिंती विसरा आणि हातातल्या फोनकडे बघा. लिफ्टमध्ये रेंज नसते म्हणून तो प्रक्षेपणाची शक्ती वाढवतो, ०.२ वॅटपर्यंत जातो, आणि त्यातला मोठा वाटा भिंतीपर्यंत पोचायच्या आतच डोक्यात जातो. भिंतींकडून परत येणारं किलोला ०.००३ वॅटच्या आसपास, तर कानाजवळच्या दहा ग्रॅम ऊतीसाठीची मर्यादाच किलोला २ वॅट आहे आणि फोन तिच्या बराच जवळ जाऊ शकतो. स्पीकर चालू करून फोन हातभर लांब धरलात तर हा दुसरा आकडा कोसळतो, पहिला तसाही नगण्यच राहतो.