मुखपृष्ठाची चूक आमची, पण नावाबद्दल थोडं बोलायचं आहे

नमस्कार,

तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. दोनच तारे पाहून वाईट वाटलं. पण कादंबरी तुम्ही किती बारकाईने वाचली आहे तेही दिसलं, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

मुखपृष्ठाबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. जहाजाने न्यूयॉर्कला आलेल्या मुलीची ही कथा १९०७ ते १९११ या काळातली आणि नायिकेच्या मागे दिसते १९३१ साली पूर्ण झालेली एम्पायर स्टेट बिल्डिंग! ते चित्र मीच पसंत केलं होतं, लेखिकेचा यात काही दोष नाही. पुढच्या आवृत्तीत मुखपृष्ठ बदलतो आहोत. तुम्ही कळवलंत तर नवी प्रत आमच्या खर्चाने पाठवू, जुनी परत करायची गरज नाही.

"एलिस आयलंडवर अधिकारी नावं बदलत, एवढंही लेखिकेला ठाऊक नाही," हे मात्र मला पटलं नाही. एलिस आयलंड म्हणजे न्यूयॉर्क बंदरातलं बेट; अमेरिकेत येणाऱ्या स्थलांतरितांची तपासणी तिथे व्हायची. हस्तलिखित वाचताना मीही तिला हाच प्रश्न विचारला होता, कारण हा समज फार पक्का रुजलेला आहे. प्रत्यक्षात प्रवाशांची यादी जहाज कंपनी निघण्याच्या बंदरातच तयार करायची. बेटावरचे अधिकारी तीच यादी समोर ठेवून प्रश्न विचारत, नवी नावं लिहून घेत नसत. सोबतीला दुभाषेही असत. पुढे न्यूयॉर्कचे महापौर झालेले फिओरेलो ला ग्वार्डिया त्या काळात तिथे दुभाष्याचंच काम करत होते. लोक नावं बदलत ती बहुतेक नंतर, स्वतःहून. नोकरीसाठी, शेजाऱ्यापाजाऱ्यांना उच्चारता यावं म्हणून, कधी लाजेपोटी.

आमची नायिकाही तेच करते. ब्लाउजच्या कारखान्यात पहिल्या दिवशी ती आपलं नाव वेगळंच सांगते. कुणी तिच्यावर जबरदस्ती केलेली नाही, म्हणून तर ते तिला पुढे इतकं छळतं. अधिकाऱ्याने नाव बदललं असतं तर दोष त्याच्यावर ढकलून ती मोकळी झाली असती. माझ्या मते ती मोठी होते ती त्या दिवशी, जहाजातून उतरते तेव्हा नाही.

ब्लाउज शिवणाऱ्या कामगारांच्या संपाच्या सभेचा प्रसंग तुम्हाला फिल्मी वाटला. पण २२ नोव्हेंबर १९०९ रोजी न्यूयॉर्कच्या कूपर युनियन या महाविद्यालयाच्या सभागृहात, पुढाऱ्यांची भाषणं लांबत असताना, क्लारा लेमलिक ही तेविशीतली कामगार मुलगी खरोखरच उठली आणि यिडिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतून बोलून तिने सार्वत्रिक संपाचा ठराव मांडला. त्याआधी संपावर असताना झालेल्या मारहाणीत तिच्या बरगड्या मोडल्या होत्या. लेखिकेने पदरचं काही घातलेलं नाही; उलट थोडं हातचं राखलंच आहे.

आईच्या पत्रांची प्रकरणं लांबली आहेत, हे तुमचं मत लेखिकेला कळवलं आहे. संपादन करताना मला ती कापवली नाहीत. त्या पत्रांवर शेवटपर्यंत मुलीचं जुनंच नाव आहे.

आपला,
प्रकाशक