कातडं भरतं, कापड विरतं

नाकाची साल निघतेय आणि राग अजून गेलेला नाही. मांडवीच्या धक्क्यावर भर दुपारी फेरी डोळ्यांदेखत सुटली. पुढची येईपर्यंत सावली एकच, शेजारच्या काकांच्या काखेत. काळी, भली थोरली छत्री. मिटलेली.

"काका, छत्री उघडता का? दोघंही मावू."

"पावस खंय आसा?"

"ऊन आहे ना!"

"उन्हानं कापड विरतं," लहान पोराला समजवावं तसं ते म्हणाले. "विरलं की नवं घालायला पैसे पडतात. कातडं आपोआप भरतं. फुकट."

फुकट! काका अर्धे बरोबर होते, आणि अर्ध्या बरोबर माणसाशी वाद घालणं फार कठीण.

उन्हातल्या अतिनील किरणांनी डीएनएतली थायमिन नावाची शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. त्यानं डीएनएची शिडी इतकी कमी वाकते की बिघाडाच्या पाहणीला फिरणारं एक्सपीसी हे प्रोटीन बरेचदा तसंच पुढे जातं. आधी डीडीबी२ हे दुसरं प्रोटीन तिथे ठाण मांडतं, तेव्हा कुठे एक्सपीसीला खोट दिसते. मग ते टीएफआयआयएच या दहा प्रोटीनांच्या टोळीला बोलावतं. टोळीतलं एक्सपीडी धागे उसवतं, एक्सपीए खात्री करतं आणि ईआरसीसी१ला धरून आणतं. त्याच्याच जोडीनं एक्सपीएफ ही कात्री येते. दुसरी कात्री एक्सपीजी. चिकटलेली अक्षरं दोन, कापून काढायची २४ ते ३२! मग पॉलिमरेज रिकामी जागा भरणार, लायगेज सांधणार. एक्सपीएची ईआरसीसी१वरची पकड सुटली की कात्री जागेवर पोचत नाही आणि बाकीचे नुसते उभे. ज्यांचं एक्सपीए जन्मतःच बिघडलेलं, त्यांना ऊनच वर्ज्य.

कांगारूला हा खटाटोप चुकतो. त्याच्याकडे फोटोलायेज आहे: एकटं प्रोटीन, उजेडाच्याच जोरावर जोडी सोडवतं. या फोटोलायेजवर आणि वरच्या कात्र्यांवर राबलेल्या संशोधक अझीझ सान्जार यांना २०१५ साली नोबेल मिळालं. आपल्या पूर्वजांनी मात्र ते कुठेतरी हरवलं. पोटात पिशवी नाही ती नाही, हेही नाही.

शिवाय आपलं हे दुरुस्तीचं काम रेंगाळतं. निम्म्या जोड्या काढायलाच एखादा दिवस जातो. तोवर पेशी दुभंगली तर चूक कायमची त्या पेशीच्या वंशात. नुकसान आवाक्याबाहेर गेलं की पी५३ हे प्रोटीन त्या पेशीला मरायलाच लावतं. माझ्या नाकावरून जी निघतेय ती ही मढी.

यातलं निम्मंअर्धं मी काकांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे भरतं ना?"

फेरी आली. काकांनी छत्री माझ्या हातात दिली आणि खिशातून रुमाल काढला. मला वाटलं, डोक्यावर घेतायत. त्यांनी तो छत्रीच्या मुठीवर गुंडाळला.

"लाकूड आहे. उन्हानं तडकतं."