चालायचं म्हणजे किती?

देशात मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आलं. देशाची सरासरी ११.४. तेव्हापासून फोंड्याला फोन केला की वाद ठरलेला: दोष पावाचा, शिताचा की बसून राहण्याचा? मामा म्हणतात, आजोबांनी जन्मभर कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, घाम गाळला, त्यांना व्यायाम शिकवायला कोण आलं होतं?

खरंय. पण आजोबा इन्सुलिन टोचून कुळागरात जात नव्हते.

मी राहतो त्या मेलबर्नला 'एक्सरसाइज फिजिओलॉजिस्ट', म्हणजे आजाऱ्याला झेपेल तो व्यायाम ठरवून देणारा, हा स्वतंत्र पेशा आहे. विद्यापीठात चार वर्षं शिकायचं, मग मान्यता मिळवायची. जुनाट आजार असेल तर फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीवर २००६पासून मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा, त्याच्या भेटीचे पैसे देतं. बीटा ब्लॉकर हे हृदयाचं औषध घेणाऱ्याची नाडी औषधानंच मंदावलेली, तिच्यावरून श्रम मोजता येत नाहीत. म्हणून तो चालता चालता बोलायला लावतो, धाप किती लागते ते कळतं. इन्सुलिनवाल्याला आधी साखर तपासायला आणि खिशात गोड काही ठेवायला सांगतो. डोळ्याचा पडदा बिघडलेल्याला श्वास रोखून वजन उचलू देत नाही. पायाची जाणीव गेलेल्याचे बूटसुद्धा बघतो.

अर्थात वर्षाला भेटी पाचच, त्याही आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट वगैरेंमध्ये वाटून घ्यायच्या. मधुमेहींच्या गटवर्गांची सोय वेगळी आहे, तरी पाच भेटींत साठ वर्षांची सवय मोडते थोडीच!

आपल्या गोव्यात २०१६पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. चार किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ४ लाखांपर्यंत उपचार, भर इस्पितळावर. चांगलीच योजना. पण अँजिओप्लास्टी होऊन घरी आलेल्या माझ्या ओळखीच्यांना सल्ला मिळाला तो एकच, 'चालत जा'. किती, कुठल्या वेगानं? पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर फिरणारे फिरतात. वाळपईच्या पावसात छत्री सावरत कोण चालणार?

त्यासाठी नवी पदवी काढत बसायला नको. फिजिओथेरपिस्ट आहेत, त्यांनाच हे जादा शिक्षण द्यावं आणि आठवड्यातून दोन सकाळी आरोग्य केंद्रात बसवावं. खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून जोर, एवढं घरातल्या सोप्यावरही होतं. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढतो. मात्र हे गोळ्यांसारखं मोजून लिहून द्यायला आणि महिन्यानं विचारायला कुणीतरी हवं. पंचायतीनं उघड्यावर व्यायामाची यंत्रं बसवली म्हणून ते होत नाही.

मामांना पटलेलं नाही. "म्हणजे आता उठबस करायलाही सरकारी माणूस?"

हो मामा, निदान पहिले तीन महिने तरी.