‘मंगल’ फॉन्टने पीडीएफ सुधारत नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरणाऱ्या एका संदेशात असे सांगितले आहे, की ब्राउझरमध्ये पीडीएफमधील मराठी अगम्य दिसले तर संगणकात ‘मंगल’ फॉन्ट टाकावा, ब्राउझरचे एन्कोडिंग (अक्षरांना आकडी संकेत देण्याची पद्धत) यूटीएफ-८ करावे, फायरफॉक्स सोडून क्रोम वापरावा आणि तरीही वाचता आले नाही तर व्हायरस समजून फाइल काढून टाकावी.

पहिला सल्ला सर्वांत लोकप्रिय आणि बहुतेक वेळा सर्वांत निरुपयोगी आहे. पीडीएफ तयार करतानाच फॉन्ट तिच्यात अंतर्भूत केलेला असेल, तर वाचणाऱ्याच्या संगणकात तो असण्याची गरजच नसते. तो अंतर्भूत नसेल आणि मजकूर श्रीलिपी किंवा क्रुतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर अडचण येते, कारण या फॉन्टांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. मूळ फॉन्ट न मिळाल्यास ब्राउझर दुसरा वापरतो आणि क्रुतीदेवमधला ‘मराठी’ हा शब्द ई, जे, के, बी, एच अशा रोमन अक्षरांत उमटतो. ‘मंगल’ हा युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना स्वतंत्र जागा देणाऱ्या पद्धतीचा, फॉन्ट असल्याने त्या रोमन जागांवर त्याच्याकडे देवनागरी आकार नाहीत. मूळ जुना फॉन्ट टाकल्यास मात्र कधी कधी उपयोग होतो. श्रीलिपी पुण्यातच घडली, तेव्हा निदान इथे तरी हा गोंधळ नवा वाटू नये.

एन्कोडिंग बदलण्याचा सल्ला वेबपानांसाठी आहे. पीडीएफमध्ये कोणत्या संकेताला कोणता आकार, हे फाइलमध्येच नोंदलेले असते. ब्राउझरची ती सोय तिथवर पोहोचत नाही.

फायरफॉक्सविषयीचा सल्ला अर्धवट खरा आहे. फायरफॉक्सचा पीडीएफ वाचक जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या भाषेत लिहिलेला असून तो फाइलमधील फॉन्ट वेबफॉन्टप्रमाणे (वेबपानाने स्वतःबरोबर आणलेल्या फॉन्टप्रमाणे) पानावर चढवतो. सेटिंग्जमधील फॉन्टच्या प्रगत भागात, पानांना स्वतःचे फॉन्ट वापरू देण्याचा पर्याय कोणी बंद केला असेल, तर चांगल्या फाइलचीही अक्षरे बिघडू शकतात. क्रोमचा पीडीएफ वाचक या मार्गाने जात नसल्यामुळे तीच फाइल तिथे नीट दिसते आणि दोष फायरफॉक्सच्या माथी बसतो. ब्राउझर बदलून पाहणे ही परीक्षा म्हणून उत्तम आहे, परंतु उपाय म्हणजे तो पर्याय पुन्हा चालू करणे.

व्हायरसची भीती निराधार आहे, कारण अक्षरे बिघडणे हे व्हायरसचे लक्षण नव्हे (आणि स्वच्छ दिसणारी फाइल सुरक्षितच असते असेही नाही). पान टक्केचिन्ह, पीडीएफ आणि आवृत्तीच्या आकड्याने सुरू होऊन पुढे नुसती चिन्हे दिसत असतील, तर बहुधा सर्व्हरने ती फाइल साधा मजकूर म्हणून पाठवलेली असते. ती उतरवून घेऊन पीडीएफ वाचकात उघडावी.

फॉन्ट अंतर्भूतच नसेल, तर खरी दुरुस्ती फाइल बनवणाऱ्याकडेच होते. सोसायटीची सूचना पाठवण्यापूर्वी चिटणीसांनी अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये फाइलच्या गुणधर्मांतील फॉन्टची यादी उघडून प्रत्येक नावापुढे तो अंतर्भूत असल्याची नोंद आहे का, एवढे पाहावे. नसल्यास ती पीडीएफ/ए या, दीर्घकाळ जतन करण्यासाठी ठरवलेल्या, प्रकारात पुन्हा तयार करावी, कारण त्या मानकात फॉन्ट अंतर्भूत करणे बंधनकारक आहे.