विषम तारखेचा आरोपी

सदाशिव पेठेत चौकातील फलकावर नाव येण्याचे दोनच प्रतिष्ठित मार्ग आहेत, दहावीचे गुण आणि निधन. यांपैकी काहीही न करता परवा १ तारखेला माझ्या स्कूटरचा क्रमांक 'आजचे बेशिस्त वाहन' या मथळ्याखाली झळकला. खाली आमच्या परिसर मंडळाचे नाव होते, तेही नोंदणी क्रमांकासह.

आमच्या रस्त्यावर विषम तारखेला एका बाजूला आणि सम तारखेला दुसऱ्या बाजूला वाहने लावायची असतात. आदल्या दिवशी ३१ तारीख असल्यामुळे स्कूटर हलवण्याचे कारणच नव्हते. हे सांगण्यासाठी मी मंडळाच्या सहकार्यवाहांकडे गेलो, तेव्हा ते खडूचे तुकडे लांबीनुसार डबीत लावत होते.

"काका, काल एकतीस आणि आज एक. दोन्ही तारखा विषम आहेत."

"म्हणजे गाडी कालपासून हललेली नाही, हे तुम्हीच सांगता आहात."

"हलवायची गरजच नव्हती."

"आलटून पालटून म्हणजे आलटून पालटून. तुमच्या बाजूच्या दुकानदारांनी सलग दोन दिवस गाड्या सोसायच्या, असे त्यांनी काय पाप केले आहे?"

हा नियम वाहतूक पोलिसांचा असून ३१ दिवसांचे महिने वर्षात ७ असतात, त्यामुळे असा योग ७ वेळा येतो, हे मी शक्य तितक्या शांतपणे मांडले. त्यांनी चष्मा काढला. "आणि लीप वर्षातला २९ फेब्रुवारी? तो कोण धरणार?" ही दुरुस्ती अचूक होती, आणि म्हणूनच ती अधिक झोंबली.

क्रमांक निदान पुसावा, या विनंतीवर ते गंभीर झाले. फलकावरील मजकूर ही संस्थेची भूमिका असून ती बदलण्यासाठी कार्यकारिणीचा ठराव लागतो, आणि कार्यकारिणीची गणसंख्या बरेच महिने भरलेली नाही. अशा वेळी सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच जागी भरवतात आणि मग गणसंख्येची अट राहत नाही, एवढा कायदा मलाही ठाऊक होता. "बरोबर आहे," ते म्हणाले, "पण तो अर्धा तास थांबायला कोणीतरी हवे ना!" मजकूर लिहिताना मात्र कोणताही ठराव लागला नव्हता.

१८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार ७ माणसे जमली की संस्था नोंदवता येते. पुढे ती ७ माणसे एका खोलीत पुन्हा कशी जमवायची, याबद्दल त्या कायद्यात काही उपाय असल्याचे ऐकिवात नाही. निवडणूक झाली की नव्या पदाधिकाऱ्यांची नोंद व्हावी म्हणून बदल अर्ज घेऊन धर्मादाय कार्यालयात खेटे घालायचे, तेही पदरमोड करून, हे काम आमच्याकडे तीन-चार निवृत्त माणसेच करतात. महापालिका २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेते, त्याचे अर्जही हेच लोक क्षेत्रीय कार्यालयात नेऊन देतात, आणि कोपऱ्यावरचा बाक त्यातूनच आला. हे सारे मला मान्य आहे, आणि वर्गणीही मी न चुकता भरतो. मात्र त्याच बाकाला खेटून एक टेम्पो सम-विषम न पाहता रोज माल उतरवतो, म्हाताऱ्या माणसांना पदपथ सोडून रस्त्यावरून चालावे लागते, आणि तरीही त्या टेम्पोचा क्रमांक फलकावर कधी आलेला नाही, कारण त्याच्या मालकाची जाहिरात मंडळाच्या दिनदर्शिकेच्या पाठीवर असते. वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींनी वाहनांसाठी जागाच ठेवली नाही, त्यांच्याबद्दलही अवाक्षर नाही. गुन्हेगार कोण, तर ज्याच्याकडून उलट उत्तर येण्याची भीती नाही तो. हे मी बोलून दाखवले, तेव्हा काकांनी "तो विषय वेगळ्या उपसमितीकडे आहे" असे सांगून डबी बंद केली.

अखेर मी लेखी अर्ज दिला. पुरावा म्हणून कॅलेंडरची दोन्ही पाने जोडावीत, आणि त्या प्रती साक्षांकित असाव्यात, अशी त्यांची सूचना होती. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, आवक क्रमांक घातला आणि शिक्का उमटेपर्यंत चारदा दाबला. शाईचा पॅड वाळत चालल्यामुळे पुढील वर्षापासून वर्गणी वाढवावी लागेल, हेही त्यांनी तेव्हाच माझ्या कानावर घातले.